डायव्हिंगच्या सहलीत समजूतदार ग्राहक कसे व्हावे?

आपला प्रश्न असा आहे: ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र हाती आहे, तीसेक डाइव्ह झाल्या आहेत, शेवटची डाइव्ह होऊन दोन वर्षे उलटली आहेत आणि आता डायव्हिंग न येणाऱ्या जोडीदारासह आठवडाभराच्या सहलीला जायचे आहे, अशा वेळी डाइव्ह सेंटरच्या आणि बोटीवरच्या माणसांना आपला जाच होऊ नये म्हणून काय करावे, सिलिंडर उचलायला हात लावावा की नाही, आणि शेवटी टिप किती द्यावी? मी प्रशिक्षक आणि गाइड म्हणून बरीच वर्षे या व्यवसायात आहे. सिलिंडर आणि टिप यांच्याविषयी पुढे लिहितोच, पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक गोड बोलणारेच असतात. नम्र ग्राहकांची वानवा नाही. वानवा आहे ती स्वतःविषयी खरे आणि वेळेवर सांगणाऱ्या ग्राहकांची.

याचे कारण गाइडच्या कामाच्या स्वरूपातच आहे. उद्या कोणत्या जागी जायचे, कोणाला कोणाबरोबर पाण्यात उतरवायचे, किती खोल न्यायचे, कमरेला किती वजन लावायचे, हे सारे तो आदल्या संध्याकाळी ठरवतो, आणि ते ठरवताना त्याच्यासमोर आपण भरून दिलेल्या अर्जाशिवाय फारसे काही नसते. त्या अर्जात तिसाच्या जागी साठ डाइव्ह लिहिल्या आणि ‘दोन वर्षांपूर्वी’च्या जागी ‘गेल्या हिवाळ्यात’ लिहिले, तर त्याचा भार उचलावा लागतो तो आपल्याबरोबर पाण्यात असलेल्या तिघा-चौघांना. हिशेब करून पाहा. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा असते. शेवटी ५० बार राखून ठेवायचे म्हटले, की वापरायला उरते १६५० लिटर. वीस मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असल्यामुळे हवाही तिपटीने खर्च होते. शांतपणे श्वास घेणारा, म्हणजे पृष्ठभागावर मिनिटाला पंधरा लिटर हवा लागणारा डायव्हर तेथे साधारण छत्तीस मिनिटे राहू शकतो. धास्तावलेल्या किंवा सवय मोडलेल्या माणसाला दुप्पट हवा लागते आणि त्याची डाइव्ह अठरा मिनिटांत संपते. गटात एकच गाइड असेल, तर त्या अठराव्या मिनिटाला सर्वांनाच वर यावे लागते, किंवा गाइडला एकाला वर पोहोचवताना बाकीच्यांवरून नजर काढावी लागते. हीच गोष्ट त्याला आधी ठाऊक असती, तर त्याने आपल्याला उथळ जागी नेले असते, तुलनेने नव्या डायव्हरच्या गटात घातले असते किंवा थोडे मोठे सिलिंडर दिले असते. हवा लवकर संपणे यात लाजण्यासारखे काही नाही. ते लपवण्यामुळे मात्र इतरांची डाइव्ह वाया जाते.

म्हणून आपले पहिले काम सहलीच्या कितीतरी आधी, एका सविस्तर ईमेलने सुरू होते. त्यात शेवटच्या डाइव्हची तारीख, एकूण डाइव्ह, आजवरची सर्वांत जास्त खोली, प्रवाहात किंवा रात्री डाइव्ह केली आहे की नाही, आणि कशाची भीती वाटते, हे लिहावे. प्रवाहाची भीती वाटते किंवा मास्कमध्ये पाणी शिरले की गडबडायला होते, असे आधीच लिहून पाठवणारा माणूस मला फार आवडतो, कारण त्याच्याबाबत पाण्याखाली मला काही नव्याने शोधून काढावे लागत नाही. भाड्याने साहित्य घेणार असाल, तर उंची, वजन आणि पायांचे माप कळवावे, चष्म्याचा नंबर असल्यास तोही. अनेक ठिकाणी नंबरचे मास्क असतात, पण मोजकेच. स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे उपकरण, नेणार असाल, तर त्याची सिलिंडरशी जोडणी डिन (आट्यांची) पद्धतीची आहे की योक (शिकंज्याची), हे सांगावे, म्हणजे अडॅप्टरसाठी सकाळी धक्क्यावर धावाधाव होत नाही.

दोन वर्षांच्या खंडानंतर उजळणी करणे आवश्यक आहे, आणि ती निघण्यापूर्वी जवळच्या तरणतलावात करता आली तर सर्वांत उत्तम. ते जमले नाही, तर पहिला अर्धा दिवस उजळणीसाठी राखून ठेवावा आणि त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. पहिल्या दिवशी बहुतेक सेंटर सर्वांनाच सोप्या, उथळ जागी नेतात. शेकडो डाइव्ह झालेले काही लोक यावर नाराज होतात. त्या डाइव्हमध्ये गाइड आपल्या कौशल्याची परीक्षा घेत नसतो. आपण किती वजनावर स्थिर राहतो, हवा कशी वापरतो, खूण केल्यावर किती लवकर लक्ष देतो, एवढेच तो टिपत असतो, आणि पुढच्या सगळ्या दिवसांचे नियोजन त्याच टिपणावर चालते.

परतीचे तिकीटही याच टप्प्यावर नीट पाहून काढावे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ‘डॅन’ ही संस्था असे सुचवते की, डीकम्प्रेशनची, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे घेण्याची, गरज न पडलेल्या एकाच डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास जाऊ द्यावेत, आणि एका दिवसात अनेक किंवा सलग अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. आठवडाभराच्या सहलीला दुसरा नियम लागू पडतो. दुपारच्या विमानाचे तिकीट हातात ठेवून आदल्या संध्याकाळी ‘एकच छोटी डाइव्ह द्या’ म्हणून गाइडच्या मागे लागणे, हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे. नकार दिला तर ग्राहक रुसतो, होकार दिला आणि काही झाले तर जबाबदारी त्याची.

आरोग्याच्या प्रश्नावलीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सर्वाधिक खोटे तेथेच लिहिले जाते. २०२० साली या प्रश्नावलीची नवी आवृत्ती आली. तिच्यात दमा, हृदयविकार, फुप्फुसाच्या शस्त्रक्रिया, कानाचे विकार, फिट येणे, मानसिक आजार, नियमित औषधे यांविषयी प्रश्न आहेत आणि ठरावीक प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर असेल, तर डॉक्टरांची लेखी संमती लागते. होते असे की, पाहुणा धक्क्यावर पोहोचल्यावर प्रथमच तो कागद वाचतो, एका जागी प्रामाणिकपणे ‘हो’ लिहितो, आता डॉक्टर शोधावा लागेल असे कळताच दुसरा कोरा कागद मागतो आणि या वेळी सगळीकडे ‘नाही’ लिहितो. समोर बसलेल्या कर्मचाऱ्याने हे सारे पाहिलेले असते. आता त्याने काय करावे? पाहुण्याला परत पाठवले तर मालक विचारतो, पाठवले नाही तर त्याचे स्वतःचे मन खाते. हा प्रसंग टाळणे अगदी सोपे आहे: प्रश्नावली महिनाभर आधी मागवून घ्यावी, घरीच वाचावी, आणि गरज असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सही घेऊन निघावे. सहलीदरम्यान सर्दी झाली, कान बसला, रात्रभर जुलाब झाले, तरीही सकाळी सांगावे. कोणतेही कारण न देता ‘आज मी उतरत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक डायव्हरला आहे. फक्त ते बोट सुटण्यापूर्वी सांगितले, तर आपले साहित्य चढवण्याची मेहनत वाचते.

आता वेळेविषयी. बोट ठरल्या क्षणी निघते याचा संबंध शिस्तीच्या हौसेशी कमी आणि भरती-ओहोटीशी जास्त असतो. अनेक चांगल्या जागा अशा असतात की, भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या काळात, पाणी जवळजवळ थांबलेले असतानाच तेथे उतरता येते. हा काळ कधी तासाभराचा असतो, कधी त्याहूनही कमी. एकाने वीस मिनिटे उशीर केला, की पोहोचेपर्यंत प्रवाह सुरू झालेला असतो, आणि मग दहा जणांना दुसऱ्या, साध्या जागी समाधान मानावे लागते. गाइड त्या एकाचे नाव घेत नाही, पण ते सर्वांना ठाऊक असते.

सिलिंडर उचलायचे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही, आणि विचारल्याशिवाय तर मुळीच नाही’ असे आहे. भरलेले सिलिंडर चौदा-पंधरा किलोंपेक्षा जड असते, डेक ओला आणि हलता असतो, आणि भरलेली कोणती, रिकामी कोणती, याची मांडणी बोटीवरच्या माणसांच्या डोक्यात पक्की असते. मदत म्हणून एखादे इकडचे तिकडे केले, तर कोणाच्या तरी पाठीवर अर्धे रिकामे सिलिंडर जाऊ शकते. अडकवलेले नसलेले सिलिंडर उभे सोडून देणे ही त्याहून वाईट सवय आहे. बोट एकदा कलंडली की ते कोणाच्या तरी पायावर पडते. म्हणून हात लावलाच, तर ते आडवे ठेवावे किंवा धरून उभे राहावे. खरी मदत वेगळी असते. आपले फिन्स, मास्क, वजने आणि बूट एकाच पेटीत किंवा पिशवीत, आपल्या जागेच्या खाली ठेवावेत. कोरड्या जागेत ओल्या कपड्यांनी जाऊ नये. आपले साहित्य स्वतः जोडता येत असेल तर जोडावे, आणि कर्मचाऱ्यांनी जोडून ठेवले असेल तरी स्वतः तपासावे: झडप पूर्ण उघडी आहे का, दाब किती आहे, दोन्ही रेग्युलेटरमधून श्वास घेता येतो का, बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळणारे जाकीट, फुगते आणि रिकामे होते का. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेले हवेचे मिश्रण, वापरत असाल तर ऑक्सिजनचे प्रमाण स्वतः मोजून, सिलिंडरवर आणि वहीत लिहून, सही करावी. ३२ टक्के मिश्रणासाठी खोलीची मर्यादा साधारण ३३ मीटर येते, आणि ती आकडेमोड दुसऱ्या कोणावर सोपवण्याची गोष्ट नाही.

ब्रीफिंग, म्हणजे डाइव्हपूर्वीच्या सूचना, चालू असताना कॅमेऱ्याची जुळवाजुळव करणारे लोक प्रत्येक बोटीवर असतात. त्यांना वाटते की, हे सगळे आपण शंभरदा ऐकले आहे. त्यांनी ऐकलेले असते ते दुसऱ्या बोटीचे. किती दाब उरल्यावर परत फिरायचे, बडी, म्हणजे पाण्यातला आपला जोडीदार, दिसेनासा झाला तर किती वेळ शोधून वर यायचे, शिडीकडे कोणत्या बाजूने पोहत यायचे, बोटीचा पंखा चालू असण्याची शक्यता कधी असते, या गोष्टी जागेनुसार बदलतात. काही शंका असेल तर ती येथेच, सर्वांसमोर विचारावी. बहुधा तीच शंका आणखी दोघांना असते आणि त्यांना विचारायला संकोच वाटत असतो.

हजेरीच्या वेळी आपल्या नावाला आपणच ‘ओ’ द्यावी, आणि जोडीदाराच्या वतीने कधीही उत्तर देऊ नये. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामागे इतिहास आहे. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन दांपत्य समुद्रातच राहिले, कारण बोट निघताना केलेली मोजणी चुकली होती. ते बोटीवर नाहीत हे दोन दिवसांनी लक्षात आले आणि ते दोघे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये माणसे मोजण्याचे नियम कडक झाले. आपण शौचालयात असताना ‘तो आहे, आहे’ असे कोणी परस्पर सांगितले तर त्यालाही थांबवावे, आणि शेजारच्या बोटीवर मित्राला भेटायला जायचे असेल, तर दोन्ही बोटींवर सांगूनच जावे.

पाण्याखालचे सौजन्य मुख्यतः दोन गोष्टींत असते: गाइडला खरा दाब सांगणे आणि त्याच्या पातळीच्या खाली न जाणे. त्याने दाब विचारला, की मीटर पाहून आकडा दाखवावा, अंदाज सांगू नये. १०० आणि ५० बार झाल्यावर तर त्याने विचारण्याची वाटच पाहू नये. दुसऱ्या गोष्टीचे कारण ग्राहकांच्या सहसा लक्षात येत नाही. आपण आठवडाभर डाइव्ह करून घरी जातो. गाइड तेच काम महिनोन्‌महिने करतो, आणि त्याच्याही शरीरात नायट्रोजन साठतच असतो. कोणी भिंतीच्या कडेने सहा मीटर खाली घसरले, की त्याला मागे जावे लागते. कोणी वजन कमी पडल्यामुळे वर तरंगू लागले, की त्याला वर जावे लागते. एका डाइव्हमध्ये असे वारंवार खालीवर होणे डीकम्प्रेशन आजाराचा, म्हणजे साठलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होण्याचा, धोका वाढवणारे असते. नळीत अडकलेला खुणेचा फुगा सोडवण्यासाठी, निसटलेला दिवा आणण्यासाठी आणि मास्कचा पट्टा नीट करण्यासाठी जो गाइड सतत हेलपाटे घालतो, त्याचा प्रत्येक हेलपाटा त्याच्या शरीराच्या खात्यावर लिहिला जातो. प्रत्येकाने खोली आणि वेळ मोजणारा स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर वापरावा, तो जोडीदाराशी वाटून घेऊ नये, आणि बिनथांब्याच्या मर्यादेत, म्हणजे सक्तीचा थांबा न घेता वर येता येईल अशा वेळेत, पुरेशी मिनिटे शिल्लक असतानाच वर सरकावे. एकाला थांबा लागला, की गाइडलाही त्याच्यासाठी थांबावे लागते आणि बाकीचे लोक लाटांवर हेलकावे खात राहतात.

वजनाविषयी दोन वाक्ये जास्त लिहितो, कारण बहुतेक अडचणींचे मूळ तेथे असते. जास्त वजन घेतलेला डायव्हर ते सावरण्यासाठी बीसीडी फुगवतो, मग तिरका पोहतो, जास्त हवा खर्च करतो आणि पायांनी तळाची वाळू उडवून मागच्या सगळ्यांचे दृश्य गढूळ करतो. योग्य वजन ठरवण्याची पद्धत अशी की, डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना, बीसीडी रिकामे करून, पाच मीटरवर स्थिर राहता आले पाहिजे. शेवटीच का, तर हवेलाही वजन असते: अकरा लिटरच्या सिलिंडरमधली १५० बार हवा संपली, की ते सुमारे दोन किलो हलके झालेले असते, आणि ॲल्युमिनियमचे सिलिंडर तर तरंगायलाच लागते. कोणत्या जाडीचा वेटसूट, कोणते सिलिंडर, गोडे पाणी की खारे, आणि किती वजन पुरले, हे लॉगबुकात लिहून ठेवले तर पुढच्या सहलीत ‘मला बहुधा आठ किलो लागतात’ असे मोघम सांगावे लागत नाही.

प्राणी आणि प्रवाळ यांच्याबाबतीत ग्राहकाची जबाबदारी त्याच्या समजुतीपेक्षा मोठी असते. प्रवाळाला हात लावू नये हे आता सर्वांना ठाऊक आहे. गोलाकार, घट्ट वाढणारी प्रवाळे वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतात, हेही अनेकांनी वाचलेले असते. पण गाइड काठीने ऑक्टोपसला बिळातून बाहेर काढतो किंवा पफरफिशला फुगवून दाखवतो, तो कोणासाठी? आधीच्या कोणत्या तरी पाहुण्याने त्यावर टाळ्या वाजवलेल्या असतात आणि टिपही दिलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकावे की, प्राणी दिसले नाहीत तरी चालेल, पण कोणाला डिवचू नका. हे वाक्य गाइडला मोकळे करते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकाराने २००४ पासून ‘ग्रीन फिन्स’ नावाची आचारसंहिता चालवली जाते आणि तिचे सदस्य असलेल्या सेंटरांची पाहणी होते. सेंटर निवडताना हे विचारणे म्हणजे चांगले काम करणाऱ्यांना धंदा देणे होय.

छायाचित्रकारांचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. पिग्मी सीहॉर्सची, म्हणजे इवल्या समुद्रघोड्याची, पहिली ओळखलेली जात १९६९ मध्ये सापडली ती योगायोगाने: एका मत्स्यालयासाठी गोळा केलेल्या समुद्रपंख्यावर (पंख्याच्या आकाराच्या प्रवाळावर) ते दोन सेंटिमीटरचे जीव बसलेले निघाले. आज तो पंखा नेमका कोठे आहे हे गाइडला ठाऊक असते आणि त्याच्यासमोर रांग लागते. रांगेतल्या पहिल्या माणसाने वीस मिनिटे आणि शंभर फ्लॅश घेतले, तर त्या जिवाचे हाल होतात आणि मागच्यांची हवा संपते. चार-पाच चित्रे घ्यावीत, मागे सरकावे, सर्वांचे झाल्यावर वेळ उरला तर पुन्हा यावे. खूप वेळ हवाच असेल, तर स्वतंत्र गाइडसाठी आधीच नोंदणी करून त्याचे पैसे मोजावेत. गटाच्या वेळेतून तो वेळ काढू नये.

बोटीवर कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत मास्क, बूट किंवा वेटसूट बुडवू नयेत. त्यातली वाळू आणि मास्कला लावलेले द्रव्य कोणाच्या तरी महागड्या कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, बसते. रेग्युलेटर धुण्यापूर्वी पहिल्या टप्प्याचे (सिलिंडरला जोडायच्या भागाचे) झाकण कोरडे करून घट्ट लावावे, आणि धुताना तोंडाकडच्या भागावरचे पर्जचे (हवा सोडण्याचे) बटण दाबू नये, नाहीतर पाणी आत शिरते. भाड्याच्या वेटसूटमध्ये पाण्याखाली काय होते, याविषयी सगळे डायव्हर मौन पाळतात. निदान बाहेर येण्यापूर्वी गळ्याशी सूट ओढून आत समुद्राचे पाणी खेळवावे, आणि नंतर तो स्वतः गोड्या पाण्यात नीट खळबळावा. उलटी होणारच असेल, तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन कठड्यावरून करावी, शौचालयात नव्हे. बोट लागण्याचे औषध घ्यायचे असेल, तर ते घरी एकदा घेऊन पाहावे. काहींनी झोप येते, आणि तशा अवस्थेत पाण्यात उतरणे योग्य नसते.

बोटीवरच मुक्काम असेल, तर बॅटऱ्या कोठे आणि केव्हा चार्ज करायच्या, याविषयीच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात, चार्जिंग चालू ठेवून झोपायला जाऊ नये. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंगच्या बोटीला रात्री आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण मृत्युमुखी पडले. आगीचे नेमके कारण निश्चित करता आले नाही, पण रात्री फिरता पहारा नव्हता, हे चौकशीत पुढे आले. पाहुणा म्हणून आपण पहिल्या संध्याकाळी दोन गोष्टी विचारू शकतो: रात्री जागे कोण असते, आणि झोपण्याच्या जागेतून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता. चांगल्या कप्तानाला या प्रश्नांचा राग येत नाही. तो स्वतः उठून दाखवायला येतो.

सनस्क्रीनविषयी थोडक्यात: पलाऊने २०२० पासून आणि हवाई राज्याने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि टोपी वापरली, की लावायचे क्षेत्रच कमी होते, आणि डेकही निसरडा होत नाही.

आपल्या जोडीदाराविषयी. त्यांना चाचणी डाइव्ह करायची असेल, तर ती प्रशिक्षकाकडेच सोपवावी आणि आपण शक्यतो त्या वेळी दुसऱ्या गटात जावे. अशा डाइव्हची खोली साधारणपणे १२ मीटरपर्यंत मर्यादित असते, पण खरी अडचण खोलीची नसते. नवरा किंवा बायको शेजारून खुणा करू लागली, की शिकणाऱ्याचे लक्ष प्रशिक्षकावरून उडते आणि दोन माणसे एकाच वेळी दोन गोष्टी सांगू लागतात. केवळ किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करायचे असेल, तर त्यांच्यासाठी बोटीवर जागा आहे का आणि त्यांच्याकडे लक्ष कोण देणार, हे आधी विचारावे. गाइड पाण्याखाली असताना वरच्या माणसाची जबाबदारी आपोआप कोणाकडे जात नाही.

टिपबाबत जगभर लागू होईल असा आकडा नाही. मुक्कामी बोटींवर सहलीच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास अशी सूचना अनेकदा दिलेली असते. रोजच्या डायव्हिंगसाठी प्रथा जागोजागी वेगळी असते आणि काही ठिकाणी ती नसतेच. म्हणून सेंटरमध्ये सरळ विचारावे की, येथे काय पद्धत आहे आणि पैसे कसे वाटले जातात. माझा सल्ला असा की, रक्कम समाईक पेटीत टाकावी, कारण आपल्याला दिसतो तो गाइड. पहाटे कॉम्प्रेसरजवळ उभा राहून सिलिंडर भरणारा, नांगर सांभाळणारा आणि संध्याकाळी सूट धुणारा माणूस आपल्या नजरेस पडत नाही. एखाद्याने विशेष काळजी घेतली असेल, तर त्याला स्वतंत्रपणे द्यायला हरकत नाही. मात्र टिप आधी दाखवून नंतर जास्त खोली, जास्त वेळ किंवा प्रमाणपत्राबाहेरची जागा मागू नये. ओपन वॉटर, म्हणजे प्राथमिक प्रमाणपत्रवाल्यासाठी १८ मीटर आणि ॲडव्हान्स्डसाठी ३० मीटर या मर्यादा पैशांनी लवचीक होत नाहीत, आणि त्या लवचीक करणाऱ्या गाइडबरोबर मी स्वतः पाण्यात उतरणार नाही.

तक्रार असेल तर ती त्याच दिवशी, मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी, बाजूला घेऊन बोलावी. घरी जाऊन इंटरनेटवर लिहिण्यापेक्षा हे उपयोगाचे असते, कारण दुसऱ्या दिवशी सुधारणा करता येते. याला एकच अपवाद आहे: सिलिंडरमधल्या हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला, मीटरचा काटा श्वासागणिक थरथरला, रेग्युलेटर हवा गळवत असला, तर तेथल्या तेथे, सर्वांसमोर आणि मोठ्याने सांगावे; येथे भीड बाळगणे हाच उद्धटपणा. खराब हवामानामुळे डाइव्ह रद्द झाली, म्हणून मात्र तक्रार करू नये. उलट आपल्याला वाऱ्यामुळे किंवा प्रवाहामुळे परत आणले असेल, तर त्याच संध्याकाळी सेंटरला दोन ओळी लिहून गाइडच्या निर्णयाला आपली संमती असल्याचे कळवावे, कारण त्याच बोटीवरच्या दुसऱ्या कोणी तरी पैसे परत मागणारी तक्रार बहुधा आधीच पाठवलेली असते.